तांब्यावरचा पहारा

पहाटे ५.३०

डायलिसिस युनिटमध्ये सगळ्यांत आधी उघडते ती आर.ओ.ची खोली. मशीन लावण्याआधी पाण्यातलं क्लोरीन तपासायचं, टाकी बघायची, सॉफ्टनरमध्ये मीठ आहे ना ते पाहायचं. एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर या वेगानं ते डायलायझरच्या पडद्यापलीकडून वाहतं आणि रक्तातला युरिया, पोटॅशियम घेऊन निघून जातं. ज्याच्यासाठी हे १२० लिटर, त्याला दिवसभरात प्यायला साधारण एक लिटर. लघवी अजिबात होत नसेल तर त्याहूनही कमी. आणि गाव सोलापूर, महिना मे.

पाण्याचा हिशेब आमच्या गावात घरोघरी असतोच. उजनीचं पाणी नळाला कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच. रात्री-अपरात्री नळ आला की गल्ली उठून बॅरल, घागरी, पातेली भरून ठेवते. ज्या घरात किडनीचा पेशंट आहे तिथे भरलेल्या पाण्यावर राखणही बसवावी लागते.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. मशीनवर झोपलेल्या माणसाचा बी.पी., रक्ताचा वेग, हेपॅरिन हे सगळं मला तक्त्यात लिहावं लागतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसासाठी तक्त्यात रकाना नाही. म्हणून इथे लिहिते.

सकाळी ६.१५

पहिल्या पाळीचे पेशंट काट्यावर चढायला लागले. सोमवार आमच्याकडे सगळ्यांत जड. एरवी मधे एकच दिवस जातो. शुक्रवारचा पेशंट सोमवारी येतो तेव्हा दोन दिवसांचं पाणी अंगात घेऊन येतो. पापण्या सुजलेल्या, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, रात्र उशीला टेकून बसून काढलेली.

आज पहिले चढले ते कुंभारीहून येणारे अण्णा. टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आता काम सुटलंय. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ४८ किलो. काट्यानं ५२.६०० दाखवलं.

"मी दिलं नाही हो मॅडम," त्यांच्या पत्नी, अक्का, लगेच म्हणाल्या. कुणी काही विचारलंही नव्हतं. "माठावर ताट, ताटावर पाटा ठेवून झोपले होते. रात्री नळ आला म्हणून बॅरल भरायला बाहेर गेले, तेवढ्यात..."

"माझ्याच घरात चोरून प्यायची पाळी आली," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "बायको नाही ही. जेलर आहे."

हे साडेचार किलोंच्या वरचं पाणी एका बैठकीत काढता येत नाही. तासाला किलोमागे १३ मिलिलिटरच्या पुढे गेलं की हृदयावर ताण येतो, म्हणजे अण्णांचं चार तासांत जेमतेम अडीच लिटर. उरलेल्यासाठी उद्या पुन्हा यावं लागणार. हे मी अण्णांना सांगितलं, त्यांच्याकडेच बघून. वजन वाढलं की स्टाफमधलं कुणीतरी बरोबरच्या बाईला विचारतंच, "लक्ष नाही ठेवलं का?" माझ्या पाळीत मी हे वाक्य कुणाला बोलू देत नाही.

कारण लक्ष ठेवूनच ती बाई मोडत चाललेली असते. आपल्याकडे दारात कुणी आलं तर आधी पाणी देतात, मग नाव-गाव विचारतात. अण्णा मागावरून कानात कापसाचे तंतू घेऊन घरी यायचे तेव्हा अक्कांनी वीस-बावीस वर्षं त्यांच्या हातात तांब्या दिला. आता त्याच हातानं तो लपवायचा. अण्णांना वाटतं, ही मला तहानेनं मारते. अक्कांना वाटतं, दिलं तर मी मारलं आणि नाही दिलं तरी मीच मारलं. दोघांचंही प्रेम शाबूत आहे, म्हणून तर दोघं एवढी चिडतात. पण लांबलेल्या आजारानं त्या प्रेमाला पहाऱ्याचं काम लावून दिलंय, आणि पहारा करणाऱ्याशी कुणी मोकळं बोलत नाही.

सकाळी ७.००

सुया. डाव्या हाताच्या मनगटावर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला असतो. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी १९६६ साली ही युक्ती जगापुढे मांडली आणि तेव्हापासून डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगणं सोपं झालं. त्या हातावर बी.पी. घ्यायचा नाही, सलाइन लावायचं नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही. शीर फुगून दोरखंडासारखी वर येते. हात लावला तर आत कंप जाणवतो. कंप थांबला तर तातडीनं दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या बेडवरच्या पेशंटचा मुलगा, चौथीतून पाचवीत जाणारा, शाळेला सुट्टी म्हणून बरोबर येतो. सुया लावायच्या आधी तो वडिलांच्या मनगटाला कान लावतो आणि "चालूये" म्हणतो. मग मी सुरू करायचं. वडिलांना याचं कौतुक वाटतं. मला काळजी वाटली म्हणून मी त्याच्या आईशी बोलले. घरी तो रात्री दोनदा उठून कान लावतो, हे तिच्या बोलण्यात आलं. म्हणजे पहारा दहा वर्षांच्या पोरानंही घेतलाय, कुणी सांगितलेलं नसताना.

मुलांना काही कळत नाही असं समजून घरचे गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यातून मूल स्वतःच्या मनानं काहीतरी जुळवत बसतं. बऱ्याच मुलांना आपण त्रास दिला म्हणून बाबा आजारी पडले असं वाटतं. आज मी त्याला खुर्चीवर बसवून सांगितलं: मशीन काय करतं, हात कुणी बघायचा, किती वेळा बघायचा. सकाळी बाबा स्वतः बघतील, रात्री झोपताना आई बघेल. तुझं काम झोपायचं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई विसरली तर?" आईनं त्याच्यासमोर मोबाइलवर गजर लावला.

सकाळी ८.४५

सगळी मशीन लागली की तासभर युनिट शांत असतं. बाहेर बाकावर मात्र कामाची वेळ असते. कुणी आरोग्यमित्राच्या टेबलापाशी रेशनकार्ड घेऊन उभं, कुणी औषधाच्या दुकानात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचे पैसे द्यावे लागत नाहीत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. ती नसती तर आजच्या पहिल्या पाळीतले निम्मे लोक इथे दिसले नसते, हे मी खात्रीनं सांगते. पण बुडालेली मजुरी योजनेत बसत नाही.

अक्का विड्या वळतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तिथलं त्यांचं घर. विडीची मजुरी हजारावर असते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसलं तर हजाराच्या आसपास विड्या होतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळ इथे जाते, म्हणून त्या रात्री पानं कापून ठेवतात आणि दुपारनंतर वळायला बसतात. बोटं हलत असतात तेव्हा लक्ष माठाकडे.

मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला आणि आतल्या दाराकडे पाठ करून बसल्या.

"तुम्ही पाणी पिता का नीट?" मी विचारलं.

बराच वेळ गेला. "त्यांच्यासमोर घोट उतरत नाही मॅडम. शेजारी जाऊन पिते. कधी राहूनच जातं."

जळजळ होते का, चक्कर येते का, असं विचारल्यावर दोन्हीला होय म्हणाल्या. हे मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय! नवऱ्याला एक लिटरची मर्यादा डॉक्टरांनी घातलेली, बायकोनं स्वतःला ती आपणहून घालून घेतलेली. मेच्या उन्हात, पत्र्याखाली. घरात एकाला किडनीचा आजार असताना दुसरी व्यक्ती पाणी तोडून बसते, आणि आमच्या कुठल्याही कागदावर त्याची नोंद होत नाही. मी त्यांना ओपीडीत पाठवून लघवी तपासायला लावली. आधी "नको की, माझं काय एवढं" म्हणाल्या. मग गेल्या.

सकाळी ९.३०

अण्णांच्या बेडपाशी. आता राग उतरला होता.

मी सलाइनची बाटली त्यांच्या हातात दिली. लिटरभर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. पोटात तेवढं मीठ गेलं की ते अंगात लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि ते मिळेपर्यंत तहान माणसाला सोडत नाही. तेव्हा पाण्याशी भांडण्यात अर्थ नाही. काल काय खाल्लं?

कडक भाकरी, शेंगाचटणी, वर लोणच्याची फोड.

सोलापुरात शेंगाचटणी सोडा म्हणणं फार अवघड आहे, मला माहीत आहे. पण त्यात मीठ आहे, शेंगदाण्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरसही आहे. चटणी, लोणचं, पापड, खारी हे चार जिन्नस आटोक्यात आले की पाण्यावरून होणारी निम्मी भांडणं आपोआप मिटतात. पहारा ठेवायचाच तर तो दिवसातून एकदा, स्वयंपाक करताना मिठाच्या बरणीवर ठेवावा; घोटाघोटावर नको.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटली. सकाळी लिटरची बाटली अण्णांनी स्वतः भरायची. चहा, ताक, गोळ्यांचं पाणी, जे काही प्यायचं तेवढं बाटलीतून कमी करायचं. जास्तच तहान लागली तर चूळ भरायची किंवा बर्फाचा खडा चघळायचा. संध्याकाळी बाटलीत काय उरलं ते त्यांनी पाहायचं. अक्कांनी बाटलीकडे बघायचंही नाही.

"आणि जास्त प्यालो तर?"

"तर मी रागवेन. ते काम माझं. तुम्ही माझ्यावर चिडा, मला घरी जाऊन तुमच्याबरोबर जेवायचं नाही."

ही गोष्ट मला मनापासून पटलेली आहे. रागवणं, हिशेब मागणं, नाही म्हणणं हे ज्यांना पगार मिळतो त्यांनी करावं. घरच्यांना नुसतं घरचं राहू द्यावं.

सकाळी ११.१५

पहिली पाळी सुटली. सुया काढल्या की कापूस दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा. बहुतेक वेळा तो नातेवाईकच धरतात. दिवसभरात एकमेकांचा हात हातात असतो तो बहुधा तेवढाच वेळ. पायात गोळे आलेले, डोकं जड. घरी गेल्यावर माणूस संध्याकाळपर्यंत पडून राहणार आणि घर आवाज न करता वावरणार.

दुपारी १.००

दुसरी पाळी. मंगळवेढ्याकडचा तिशीतला शेतकरी आईबरोबर एसटीनं येतो. साध्या गाडीत डायलिसिसच्या पेशंटला तिकीट नाही, आईला बाई म्हणून अर्धं.

त्याला किडनी मिळाली तर तो पुन्हा ज्वारीच्या रानात उभा राहील, एवढी बाकीची तब्येत चांगली आहे. आईला साखर आणि बी.पी., तिची चालत नाही. वडील नाहीत. थोरल्या बहिणीचा रक्तगट जुळतो. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं बहीण जवळची नातेवाईक, म्हणजे कागदाची अडचणही फारशी नाही. बहिणीला दोन लहान मुलं. ती आधी हो म्हणाली, मग घाबरली, मग सासरचे नको म्हणाले. यातलं आधी काय घडलं ते तिचं तिलाच ठाऊक.

गेल्या दिवाळीत ती भाऊबीजेला आली नाही.

"ती नको म्हणाली त्याचा राग नाही," तो मला एकदा म्हणाला होता. "किडनी माझी गेली, तिची का जावी? पण ती यायचीच बंद झाली." आणि आई काट्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "एका लेकराला वाचवायला दुसऱ्याला काप म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू?" दोन्ही लेकरं आईला एकमेकांबद्दल विचारतात. ती दोघांनाही "बरं आहे" एवढंच सांगते. तिचं वजन कुणी करत नाही, पण साडीच्या निऱ्या वाढलेल्या दिसतात.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत. आया देतात, बायका देतात, बहिणी देतात. म्हणून जी देत नाही ती गुन्हेगार ठरते. ते मला मान्य नाही. कायद्यानं दात्याची संमती स्वतःच्या मनानं, दबावाशिवाय दिलेली असावी लागते. म्हणजे "नाही" या उत्तरालाही कायद्याची मान्यता आहे. ज्या घरात "नाही" म्हणायची सोय नाही, तिथल्या "हो"ला किंमत कसली? त्या शेतकऱ्याचं नाव मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय समितीच्या यादीत आहे. यादी लांब आहे.

दुपारी अडीचला युनिटचा फोन वाजला. बहीणच. ती अधूनमधून करते आणि विचारते, "आज वजन किती होतं?" भावाला सांगू नका म्हणते. आजपर्यंत मी तिला सांगत आले की तब्येतीचं त्यालाच विचारा. आज त्याचा बी.पी. चांगला होता, डुलकीतून नुकताच उठला होता. मी तिला म्हटलं, "त्याला देते फोन. किडनीचं बोलू नका, दुसरं काहीही बोला." ती नको नको म्हणेपर्यंत मी बेडपाशी पोचले होते.

उजव्या हातात फोन धरून तो पाच मिनिटं बोलला. भाचीच्या शाळेचं विचारलं. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते सांगितलं. मधे दोघंही गप्प होती, तरी फोन ठेवला नाही. आई बाकावरून उठून दारात येऊन उभी राहिली. फोन परत देताना तो एवढंच म्हणाला, "आंबे पाठवते म्हणाली. मला चालत नाहीत, विसरली असंल."

एखादी फोड चालेल, मी म्हटलं. मशीनवर असताना, पहिल्या तासात.

दुपारी ३.३०

डबा खाताना अमेरिकेतल्या सिएटलची गोष्ट आठवते, नेहमीच आठवते. १९६२ साली तिथे जगातलं पहिलं बाह्यरुग्ण डायलिसिस केंद्र सुरू झालं. मशीन मोजकी, मरणारे पुष्कळ. कुणाला मशीन द्यायचं हे ठरवायला सात नागरिकांची समिती नेमली. त्यांची नावं गुप्त ठेवलेली. अर्जदाराला मुलं किती, नोकरी काय, चर्चमध्ये जातो का, यावरून ते ठरवायचे. गदारोळ झाला, पुढे तिथल्या सरकारनं खर्च उचलला आणि समितीची गरज संपली.

आपल्याकडे ती समिती घराघरांत रात्री बसते. रक्त वाढायचं इंजेक्शन या महिन्यात घ्यायचं की धाकटीच्या क्लासची फी भरायची? रिक्षा की बस? थोरल्यानं शिकायचं की कामाला लागायचं? सिएटलच्या सात जणांना अर्जदारांचे चेहरे रोज बघायचे नव्हते. इथे ठरवणारे आणि ज्यांच्याबद्दल ठरवायचं ते एका ताटात जेवतात, म्हणून कुणी मोठ्यानं काही बोलत नाही, आणि शेवटी जो स्वतः होऊन गप्प बसतो त्याच्या वाट्याचं कापलं जातं.

संध्याकाळी ५.३०

तिसऱ्या पाळीत बाया जास्त. घरातलं उरकून येतात.

पुरुष आजारी असला की बाकावर बायको असते. बाई आजारी असली की पहिले काही महिने नवरा येतो, मग दीर, मग मूल, मग ती एकटीच यायला लागते. सगळ्या घरांत असं होत नाही. बायकोच्या केसांची वेणी घालून तिला आणणारे एक निवृत्त मास्तर माझ्याच पाळीत आहेत. पण असं होताना मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

आठव्या बेडवरच्या ताईंबरोबर त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा येतो. बारावी सुटली. सध्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. सोलापूरचे गणवेश बाहेरच्या राज्यांतही जातात आणि जूनच्या आधीचे हे दिवस त्यांच्या हंगामाचे. मालकाकडून दोन तास लवकर सुटी मागून येतो. सकाळी भाजी चिरून, दोनदा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, मग शिजवून येतो. पोटॅशियम कमी करायची ही रीत त्यानं माझ्याकडूनच शिकली.

"पोरगं गुणाचं आहे," सगळे म्हणतात. हे ऐकलं की तो खाली बघतो. त्याच्या आईनं आज मला हळूच सांगितलं, "माझ्यामुळं याचं शिक्षण गेलं. मी लवकर गेले तर..." वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, पण ते नोंदवलं आणि डॉक्टरांना सांगितलं. असा विचार बोलून दाखवला की तो गंभीरपणे घ्यायचा असतो. तो नुसता निराशेचा सूर म्हणून सोडून द्यायचा नसतो.

मुलाला बाहेर घेऊन गेले. त्याला त्याच्या तब्येतीचं कुणीच विचारलेलं नव्हतं, आईचंच विचारतात. मी त्याच्या झोपेबद्दल विचारलं. मित्रांबद्दल विचारलं. मग तो म्हणाला, "कधी कधी वाटतं मॅडम, हे संपावं. मग स्वतःचीच भीती वाटते."

असं प्रत्येकाला वाटतं, मी म्हटलं. संपावं म्हणजे आई संपावी असं नसतं. हा थकवा संपावा असं असतं. हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते खरं वाटलं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोबाइलमध्ये घालून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, हेही सांगितलं. या दुसऱ्या गोष्टीवर त्यानं वर बघितलं. "फॉर्म कधी निघतो?"

रात्री ९.४५

मशीन धुवायला लावली. फायली.

अक्कांना लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. गोळ्या दिल्यात, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय. अण्णांसमोर सांगितलं. अण्णांनीच विचारलं, "म्हणजे ही पण पीत नव्हती?" आणि घरी जाताना रिक्षात बसायच्या आधी त्यांनी टपरीवरून एक बाटली घेऊन तिच्या हातात दिली, असं वॉचमननं मला सांगितलं.

उद्या मंगळवारी दुपारच्या पाळीत अण्णांचं जादाचं डायलिसिस लावलंय. त्यांना घेऊन पुतण्या येणार आहे, अक्का विड्यांचा माल द्यायला कारखान्यात जातील. पुतण्याचा नंबर मी फाइलवर अक्कांच्या नंबरच्या वर लिहिला.